ग्रंथपरीक्षण आणि धर्मनिष्ठा : मॉर्मन स्त्रियांचे उदाहरण

ज्या धर्माला आपण आपला म्हणतो त्या धर्माच्या ग्रंथांचे, आणि त्या धर्माविषयी इतरांनी लिहिलेल्या ग्रंथांचे, परीक्षण करण्याचा अधिकार त्या धर्मातील सामान्य स्त्रीला आहे किंवा नाही? वरकरणी हा प्रश्न लहान दिसतो. ग्रंथ वाचावा, पटेल ते घ्यावे, न पटेल ते सोडून द्यावे, एवढ्यावर तो मिटावयास हवा. परंतु एखाद्या स्त्रीने लिहिलेला एक लेख किंवा तिने संपादित केलेले एक पुस्तक तिला धर्मसभेपुढे आरोपी म्हणून उभे करण्यास पुरेसे ठरले, असे आपल्या हयातीत घडलेले आहे. ते अमेरिकेतील मॉर्मन पंथात घडले. त्या पंथातील स्त्रियांनी ग्रंथवाचनाची जी पद्धत सिद्ध केली आणि तिच्यासाठी जी किंमत मोजली, तिचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मॉर्मन हे नाव आपल्या पुष्कळ वाचकांना अपरिचित असेल, म्हणून प्रथम थोडी माहिती देणे अवश्य आहे. जोसेफ स्मिथ नावाच्या चोवीस वर्षांच्या शेतकरी तरुणाने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. देवदूताने दाखविलेल्या सुवर्णपत्रांवरून आपण भाषांतर केले, असे सांगून त्याच साली त्याने ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८४४ साली इलिनॉय राज्यातील एका तुरुंगात जमावाने त्याची हत्या केली. त्यानंतर ब्रिगॅम यंग ह्याच्या नेतृत्वाखाली बहुसंख्य अनुयायी पश्चिमेकडे निघाले आणि १८४७ साली सॉल्ट लेकच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या युटा राज्यात, वसले. पुरुषाने अनेक स्त्रियांशी विवाह करणे हे धर्मकर्तव्य असल्याचे ह्या पंथाने १८५२ साली जाहीरपणे सांगितले आणि १८९० साली एका जाहीरनाम्याने ही चाल सोडण्याचे घोषित केले. ह्या पंथात पगारी पुरोहितवर्ग नाही. परंतु ज्याला तेथे पौरोहित्याचा अधिकार म्हणतात तो पात्र ठरणाऱ्या प्रत्येक पुरुषाला बाराव्या वर्षाच्या सुमारास मिळू लागतो. स्त्रीला तो आजही मिळत नाही. पंथाच्या स्वतःच्या गणनेप्रमाणे आज जगभर त्याचे एक कोटी सत्तर लाखांहून अधिक सभासद आहेत. ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नये, असे पंथप्रमुखांनी २०१८ साली सांगितले. परंतु ज्या स्त्रियांविषयी मी लिहीत आहे त्यांनी आपल्या विचाराला मॉर्मन स्त्रीवाद हेच नाव दिलेले असल्याने येथे तोच शब्द ठेवला आहे.

आता मूळ ग्रंथाकडे वळू. ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा शेकडो पृष्ठांचा ग्रंथ आहे. त्यात राजे, सेनापती, धर्मोपदेशक, बंडखोर अशा असंख्य पुरुषांची नावे येतात. स्त्रियांची नावे मात्र अवघी सहा आहेत. त्यांपैकी इव्ह, सारा आणि मेरी ह्या तीन स्त्रिया बायबलमधून आलेल्या. उरल्या तीन. सारिया ही एका संदेष्ट्याची पत्नी, इसाबेल ही वेश्या आणि अबिश ही दासी. हा हिशेब कोणालाही करता येण्यासारखा आहे. त्यासाठी विद्वत्ता लागत नाही. तरीही पिढ्यानपिढ्या श्रद्धेने हा ग्रंथ वाचणाऱ्यांनी ही मोजणी केली नव्हती. स्त्रियांनी ती केली तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला: ह्या ग्रंथाच्या लेखकांच्या दृष्टीने स्त्री कोठे होती?

परंतु केवळ मोजणी करून त्या थांबल्या नाहीत. अबिशची कथा पाहा. राजा लामोनी, त्याची राणी आणि सर्व सेवक धर्मसाक्षात्काराने मूर्च्छित होऊन पडले आहेत. एकटी दासी अबिश शुद्धीवर आहे. काय घडत आहे हे तिला एकटीलाच समजते, कारण ती कित्येक वर्षांपूर्वी गुप्तपणे श्रद्धावान झालेली असते. ती घरोघर धावत जाऊन लोकांना बोलावून आणते. जमलेल्या गर्दीत भांडण माजलेले पाहून तिला रडू येते; ती राणीचा हात धरते आणि राणी उठून उभी राहते. ह्या प्रसंगात राणीला नाव नाही, दासीला आहे. ज्या ग्रंथाने स्त्रियांना जवळजवळ वगळले त्याच ग्रंथात एका प्रजेच्या धर्मांतराचा आरंभ एका मोलकरणीच्या हातून होतो, ही गोष्ट स्त्रीवादी वाचकांनी पुढे आणली. ग्रंथाचा दोष दाखविणे आणि त्याच ग्रंथातील दडलेला गुण उजेडात आणणे, ही दोन्ही कामे एकाच वाचनातून झाली. परीक्षण म्हणजे निंदा, असा जो समज सर्वत्र आढळतो तो किती चुकीचा आहे हे ह्यावरून दिसेल.

ह्या स्त्रियांना दोन आघाड्यांवर वाचन करावे लागले. एक आघाडी स्वकीयांची आणि दुसरी परकीयांची. परकीयांची आघाडी आधी पाहू, कारण तिची कथा आपल्या न्यायालयांपर्यंत येऊन पोहोचलेली आहे. शेरलॉक होम्सच्या कथा आपल्याकडे आवडीने वाचल्या जातात. होम्स प्रथम अवतरला ती ‘ए स्टडी इन स्कार्लेट’ ही कादंबरी १८८७ सालची. तिच्या उत्तरार्धात मॉर्मन पुरुष हे क्रूर खलपुरुष असून एका तरुणीला बळजबरीने बहुपत्नीकाच्या घरात लोटतात, असे चित्र आहे. अशा कादंबऱ्या त्या काळी पुष्कळ निघाल्या. त्यांत मॉर्मन स्त्री ही केवळ बळी असते. तिला स्वतःचे मत नसते. त्याच १८८७ साली अमेरिकन काँग्रेसने एडमंड्स-टकर कायदा केला. बहुपत्नीत्वाच्या जाचातून स्त्रियांना सोडविणे हा हेतू सांगितला जात असताना त्या कायद्याने युटामधील स्त्रियांचा मतदानाचा हक्क काढून घेतला! हा हक्क त्या १८७० पासून बजावीत होत्या आणि अमेरिकेच्या बहुतेक भागांतील स्त्रियांना तो तेव्हा मिळालेलाच नव्हता. जिचा उद्धार करावयाचा तिचेच तोंड बंद करावयाचे, ही उद्धाराची तऱ्हा विलक्षण खरी. पण ती जगात एकाच ठिकाणी आढळते असे नाही.

कायद्याच्या विद्यार्थ्याला मॉर्मन पंथाची ओळख बहुधा १८७९ च्या रेनॉल्ड्स खटल्यामुळे होते. द्विभार्याप्रतिबंधक कायदा धर्मस्वातंत्र्याच्या विरुद्ध नाही, असा निर्णय अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने त्यात दिला. श्रद्धा मोकळी आहे, आचार मोकळा नाही, हे तत्त्व समजावून सांगताना मुख्य न्यायाधीश वेट ह्यांनी पतीच्या चितेवर जळून जाण्यास आपण धर्माने बांधलेल्या आहोत असे मानणाऱ्या पत्नीचे उदाहरण घेतले. त्यानंतर १८९० साली आयडाहोमधील मॉर्मनांच्या मताधिकाराविषयीच्या डेव्हिस विरुद्ध बीझन ह्या खटल्यात त्याच न्यायालयाने धर्माची व्याख्या केली. ती ईश्वर आणि मनुष्य ह्यांच्या संबंधावर आधारलेली होती. १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे ही व्याख्या आली तेव्हा न्यायमूर्ती मुखर्जी ह्यांनी ती स्वीकारली नाही. बौद्ध आणि जैन ह्यांसारखे ईश्वर न मानणारे धर्म भारतात आहेत, त्यांना ही व्याख्या लागू पडत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. एका दूरच्या देशातील अल्पसंख्य पंथाविरुद्ध घडविलेली व्याख्या आपल्या धम्माच्या उल्लेखामुळे येथे अपुरी ठरली, ही गोष्ट प्रत्येक बौद्ध कुटुंबाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

परंतु ह्याच रेनॉल्ड्स खटल्यात आणखी एक गोष्ट आहे आणि वकिलांचे तिकडे सहसा लक्ष जात नाही. आरोपीची दुसरी पत्नी अमेलिया जेन स्कोफिल्ड हिने पहिल्या सुनावणीत साक्ष दिली होती. दुसऱ्या सुनावणीच्या वेळी समन्स घेऊन गेलेल्या अधिकाऱ्याला ती सापडली नाही. तेव्हा तिची पूर्वीची साक्ष पुराव्यात घ्यावी की नाही, असा वाद झाला. आरोपीनेच साक्षीदाराला दूर ठेवले असेल तर त्याला तक्रार करता येणार नाही, असे ठरवून न्यायालयाने ती साक्ष ग्राह्य मानली. निकालपत्रात ह्या वादावर चांगली चर्चा आहे. विवाह झाला की नाही एवढेच त्या साक्षीतून सिद्ध करावयाचे होते. त्या विवाहाविषयी तिला स्वतःला काय वाटत होते, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने अप्रस्तुत होता, म्हणून तो कोणी विचारला नाही. एका बाजूला पंथाचे पुरुष, दुसऱ्या बाजूला सरकारचे पुरुष, आणि मध्ये जिच्या आयुष्यावर खटला चालला ती स्त्री अनुपस्थित! मॉर्मन स्त्रीवादी परीक्षणाचे सारे कार्य एका वाक्यात सांगावयाचे तर असे सांगता येईल की, प्रत्येक ग्रंथातील हा अनुपस्थित साक्षीदार शोधून त्याची साक्ष नोंदवून घेणे.

ही साक्ष उपलब्ध नव्हती असे मात्र नाही. १८७२ ते १९१४ अशी बेचाळीस वर्षे युटामधील स्त्रिया ‘विमेन्स एक्स्पोनंट’ नावाचे स्वतःचे पत्र चालवीत होत्या. पहिली संपादिका लुईझा ग्रीन आणि १८७७ पासून अखेरपर्यंत एमेलिन वेल्स. ह्या पत्रात त्यांनी स्त्रियांच्या मताधिकाराचा, शिक्षणाचा आणि व्यवसायाचा हिरिरीने पुरस्कार केला आणि त्याच लेखण्यांनी बहुपत्नीत्वाचे समर्थनही केले. मार्था ह्यूज कॅनन ही डॉक्टर स्त्री एका बहुपत्नीक पुरुषाची पत्नी होती. युटाच्या घटनेने स्त्रियांचा मताधिकार परत दिल्यानंतर १८९६ च्या निवडणुकीत ती राज्याच्या सिनेटवर निवडून आली. अमेरिकेतील ती पहिली स्त्री सिनेटर, आणि पराभूत उमेदवारांत तिचा स्वतःचा नवरा होता. कादंबरीतील दीनवाण्या बळीचे चित्र येथे साफ कोसळते. आणि ह्या स्त्रिया सर्वस्वी सुखी होत्या हा पंथाचा दावाही तेवढ्याने सिद्ध होत नाही. खरी स्त्री ह्या दोन्ही चौकटींत मावत नाही.

पुढे हे पत्र बंद पडले आणि विस्मृतीत गेले, इतके की त्याच पंथातील नातींना आजींच्या लेखनाचा पत्ता नव्हता. १९७० च्या सुमारास बॉस्टन परिसरात काही मॉर्मन स्त्रिया एकत्र जमून वाचन आणि चर्चा करू लागल्या. बहुतेक मुलाबाळांच्या गृहिणी. क्लॉडिया बुशमन आणि लॉरेल थॅचर उलरिक ह्या त्यांतल्या प्रमुख. १९६६ साली सुरू झालेल्या ‘डायलॉग’ ह्या मॉर्मन विचारपत्राचा स्त्रियांविषयीचा एक अंक त्यांनी १९७१ साली संपादित केला. त्यानंतर त्यांच्या मंडळापैकी एकीला हार्वर्डच्या ग्रंथालयात ‘विमेन्स एक्स्पोनंट’चे जुने अंक सापडले. ज्या मागण्या आपण नव्याने करीत आहोत असे त्यांना वाटत होते, त्या शंभर वर्षांपूर्वीच्या पानांवर छापलेल्या होत्या. ह्या वाचनातून १९७४ साली ‘एक्स्पोनंट टू’ हे पत्र निघाले आणि १९७६ साली बुशमन ह्यांनी संपादित केलेला ‘मॉर्मन सिस्टर्स’ हा युटातील आद्य स्त्रियांविषयीचा लेखसंग्रह प्रसिद्ध झाला. येथे चळवळीचा उगम सभा किंवा मोर्चा ह्यांत नसून ग्रंथालयातील एका फडताळात आहे.

ह्या वाचनपद्धतीचे फळ म्हणून दोनतीन ग्रंथांचा निर्देश करतो. लिंडा किंग न्यूवेल आणि व्हॅलीन टिपेट्स एव्हरी ह्यांनी १९८४ साली संस्थापकाची पत्नी एमा स्मिथ हिचे चरित्र प्रसिद्ध केले. १८३० सालच्या एका धर्मवचनात एमाला ग्रंथ उलगडून सांगण्याचे आणि स्तोत्रे निवडण्याचे काम सोपविलेले आहे. १८४३ सालच्या दुसऱ्या वचनात बहुपत्नीत्व मान्य कर, न केल्यास तुझा नाश होईल, असे तिलाच नावाने बजावलेले आहे. तेरा वर्षांच्या अंतरातील ही दोन वचने शेजारी ठेवून वाचली म्हणजे एका विवाहाची संपूर्ण शोकांतिका दिसते. एमा पश्चिमेकडे गेली नाही; म्हणून युटाच्या इतिहासकारांनी तिला पुष्कळ काळ कलंकित ठरविले होते. ह्या दोघींनी तिची बाजू कागदपत्रांसह मांडली. परिणाम काय झाला? १९८५ साली पंथाच्या वरिष्ठांनी दोन्ही लेखिकांना धर्मसभांतून ह्या विषयावर बोलण्यास मनाई केली, आणि ती सुमारे दहा महिने टिकली. पुस्तकातील अमुक विधान खोटे आहे असे दाखवून देणे हे उत्तर झाले असते. लेखिकेचे तोंड बंद करणे हे उत्तर नव्हे.

सत्य मात्र अशा मनाईने थांबत नाही. १९९७ साली टॉड कॉम्प्टन ह्या संशोधकाने जोसेफ स्मिथच्या तेहतीस पत्नींची चरित्रे एका ग्रंथात आणली, आणि २०१४ साली खुद्द पंथाने आपल्या अधिकृत निबंधात संस्थापकाने अनेक विवाह केले होते, त्यांत एक मुलगी पंधराव्या वर्षापूर्वीच विवाहबद्ध झाली होती, हे मान्य केले. ती मुलगी हेलन मार किंबॉल. हिचे उदाहरण परीक्षणाची खरी कसोटी पाहणारे आहे. मोठेपणी तिने बहुपत्नीत्वाच्या समर्थनार्थ १८८२ आणि १८८४ साली पुस्तिका लिहिल्या. आता परीक्षकाने काय करावे? तिचे समर्थन खोटे मानून तिला पुन्हा मुकी करावी काय? की समर्थन खरे मानून चौदा वर्षांच्या मुलीच्या संमतीचा प्रश्न सोडून द्यावा? माझ्या मते दोन्ही मार्ग अन्यायाचे आहेत. संमतीचे वय आणि परिस्थिती ह्यांचा विचार एका वेळी, आणि प्रौढ स्त्रीच्या मताचा आदर दुसऱ्या वेळी, असे दोन्ही करणारे परीक्षणच न्याय्य होय. उलरिक ह्यांनी २०१७ च्या आपल्या ग्रंथात बहुपत्नीत्वाच्या काळातील स्त्रियांच्या दैनंदिन्या, पत्रे, सभांचे वृत्तांत, एवढेच नव्हे तर गोधड्यासुद्धा पुरावा म्हणून वाचून असाच संयम दाखविला आहे.

कधी कधी तर मौनही वाचावे लागते. मॉर्मन पंथात दैनंदिनी लिहिणे हे पुण्यकर्म समजले जाते. टेरी टेम्पेस्ट विल्यम्स ह्या लेखिकेच्या आईने मरणापूर्वी आपल्या दैनंदिन्या मुलीच्या स्वाधीन केल्या आणि आपण गेल्याशिवाय त्या उघडू नकोस, असे सांगितले. पुढे उघडून पाहते तो तीन फळ्या भरून ठेवलेल्या त्या वह्या कोऱ्या! २०१२ साली प्रसिद्ध झालेला तिचा ग्रंथ ह्या कोऱ्या पानांच्या अर्थाविषयी आहे. नियम पाळल्याचे दिसावे म्हणून वह्या घेतल्या, परंतु मनातले लिहिण्याची मुभा नाही असे वाटले म्हणून त्या कोऱ्या ठेवल्या, की तो तिचा मूक नकार होता? उत्तर देणारी आता नाही. तथापि प्रश्न विचारला गेला, ही गोष्टही लहान नव्हे.

आता किमतीकडे वळतो. सोनिया जॉन्सन हिने स्त्रीपुरुष समानतेच्या घटनादुरुस्तीचा पुरस्कार केला आणि त्या कारणाने पंथाच्या विरोधाला तोंड दिले. १९७९ च्या डिसेंबरात तिला बहिष्कृत करण्यात आले. ती दुरुस्तीही १९८२ च्या मुदतीत आवश्यक ३८ राज्यांपैकी ३५ राज्यांचीच संमती मिळवू शकली. १९९३ च्या सप्टेंबर महिन्यात सहा लेखक-विचारवंतांवर कारवाई झाली. त्यांत तीन स्त्रिया होत्या. मॅक्सीन हँक्स हिने १९९२ साली स्त्रिया आणि धर्माधिकार ह्या विषयावरचा लेखसंग्रह संपादित केला होता. लॅव्हिना फील्डिंग अँडरसन हिने पंथाने आपल्या विचारवंतांना कसे वागविले ह्याची कालक्रमाने नोंद करणारा लेख ‘डायलॉग’मध्ये लिहिला होता. दोघी बहिष्कृत झाल्या. हँक्स २०१२ साली पुन्हा पंथात आली. अँडरसन मात्र २०२३ साली मरण पावेपर्यंत बहिष्कृतच राहिली, आणि तरीही वर्षानुवर्षे दर रविवारी त्याच प्रार्थनासभेत जाऊन बसत राहिली. २०१४ साली केट केली ह्या वकील स्त्रीवर, स्त्रियांना पौरोहित्य मिळावे ह्या मागणीबद्दल, तिच्या गैरहजेरीत तीन पुरुषांच्या मंडळाने निर्णय दिला. २०२० पासून पंथाच्या नियमपुस्तकात बहिष्कार हा शब्द राहिलेला नाही. त्याऐवजी सभासदत्व काढून घेणे असा शब्दप्रयोग आला आहे.

बहिष्कृत ह्या शब्दाचा अर्थ ह्या पाक्षिकाच्या वाचकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. जन्मामुळे आलेली अस्पृश्यता आणि मतामुळे आलेला धार्मिक बहिष्कार ह्या एकाच गोष्टी नव्हेत, आणि दोहोंची सरमिसळ करणे योग्य होणार नाही. तथापि आपल्या कायद्यात ह्या दोहोंचा संबंध एकदा पुढे आला होता. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कारप्रतिबंधक कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ साली बहुमताने रद्द केला. मुख्य न्यायाधीश सिन्हा ह्यांनी एकट्याने विरुद्ध मत देऊन बहिष्काराचे अस्पृश्यतेशी असलेले साम्य दाखविले. पुढे २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या निर्णयाचा प्रश्न अधिक मोठ्या पीठाकडे सोपविला. धर्मसंस्थेने आपले सभासद कोण हे ठरवावे, हे तत्त्व मला मान्य आहे. परंतु आरोप करणारा, पुरावा पाहणारा आणि निर्णय देणारा एकाच वर्गाचा असावा आणि आरोपी ज्या वर्गातील आहे त्या वर्गाला त्या आसनावर बसण्याची मुळीच मुभा नसावी, ही पद्धत न्यायाच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. केवळ लिहिण्यावाचण्याबद्दल अशी शिक्षा देणारी संस्था आपल्याच स्मृतीचा नाश करीत असते.

ह्या परीक्षणपद्धतीचे गुण सांगितले. आता तिची उणीवही सांगितली पाहिजे. पुष्कळ काळ ह्या लेखनातील ‘स्त्री’ म्हणजे गोरी स्त्री होती. जेन मॅनिंग जेम्स ही कनेक्टिकटमधील कृष्णवर्णीय स्त्री १८४३ साली आपल्या कुटुंबासह नावेत जागा नाकारली गेल्यामुळे शेकडो मैल पायी चालून मॉर्मनांच्या वसाहतीत पोहोचली. पुढे युटामध्ये तिने मंदिरातील सर्वोच्च विधींचा अधिकार पुनःपुन्हा मागितला. वर्णामुळे तो नाकारला गेला. १८९४ साली जे मिळाले ते असे की, परलोकात ती जोसेफ स्मिथच्या घराण्याशी जोडली जाईल, परंतु सेवक म्हणून! तो विधीही तिच्याऐवजी दुसरीला उभी करून उरकला गेला. ती १९०८ साली वारली. कृष्णवर्णीयांवरील हे निर्बंध १९७८ साली उठले. तिने आपली जीवनकथा सांगून लिहवून घेतली होती. म्हणजे हिचीही साक्ष उपलब्ध होती. २०१९ साली क्विन्सी न्यूवेल ह्यांनी तिचे स्वतंत्र चरित्र लिहिले. ‘बुक ऑफ मॉर्मन’मध्येही काळी त्वचा हा शापाचा परिणाम म्हणून आलेला आहे. जी वाचक ह्या ग्रंथातील स्त्रियांची नावे मोजते, परंतु त्वचेच्या रंगाविषयीचे वाक्य ओलांडून पुढे जाते, तिचे वाचन अर्धेच झाले असे म्हणणे भाग आहे. पौरोहित्य पुरुषांना मिळाले आणि स्त्रियांना मिळाले नाही, हे वाक्य १९७८ पूर्वीच्या काळापुरते चुकीचे आहे. ते बहुतेक कृष्णवर्णीय पुरुषांनाही मिळाले नव्हते.

ह्या सर्वांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो प्रामाणिक माणसेही घेतात. ते म्हणतात, आपला समाज अल्पसंख्य आहे, त्याचा छळ झालेला आहे; अशा वेळी आपल्या ग्रंथांतील आणि इतिहासातील उणिवा आपणच छापल्या तर शत्रूच्या हाती आयते शस्त्र जाईल. मॉर्मनांच्या बाबतीत हे भय निराधार नव्हते. त्यांच्या संस्थापकाची हत्या झाली होती, त्यांना घरे सोडावी लागली होती. परंतु अनुभव काय सांगतो? शत्रूने १८८७ मध्ये जे चित्र रंगविले ते स्त्रियांच्या साक्षीवाचून रंगविले, आणि त्या चित्राला खरे उत्तर मिळाले ते स्त्रियांच्याच कागदपत्रांतून. ज्या गोष्टी दडविल्या गेल्या त्या बाहेरच्यांनी अधिक विद्रूप करून सांगितल्या. ज्या गोष्टी आतल्या स्त्रियांनी प्रमाणासह सांगितल्या त्या आज पंथालाही मान्य कराव्या लागत आहेत. म्हणून मौनाने समाजाचे रक्षण होते, हे मला मान्य नाही.

बंधुभगिनींनो, नवा धर्म स्वीकारणाऱ्या कुटुंबात ग्रंथ येतात, वाचले जातात, आणि ते कसे वाचावे ह्याचे वळण पहिल्या एकदोन पिढ्यांतच पडते. मॉर्मन स्त्रियांना जे शंभर वर्षांनी ग्रंथालयातून शोधून काढावे लागले ते आपल्या हाती आरंभापासून आहे. पाली साहित्यातील थेरीगाथेत भिक्षुणींची स्वतःची वचने आहेत, आणि पाणी वाहणारी दासी पुण्णिका तेथे स्नानाने पाप धुतले जात नाही हे ब्राह्मणाला युक्तिवादाने पटवून देते. हा वारसा असता आपल्या घरातील ग्रंथवाचन वडील पुरुषाने करावे आणि इतरांनी केवळ ऐकावे, असे होता कामा नये. कोणताही ग्रंथ हाती आला, मग तो आपला असो वा आपल्याविषयी असो, तर घरातील मुलीने चार प्रश्न विचारावेत: ह्यात कोण बोलत आहे? कोणाला नाव दिलेले नाही? कोणाच्या श्रमावर ही कथा उभी आहे? आणि जिच्याविषयी निर्णय दिला तिला विचारले होते काय? प्रश्न विचारून झाल्यावर ग्रंथात जे चांगले आढळेल तेही तिने तितक्याच स्पष्टपणे सांगावे. तिचे उत्तर घरातील वडिलांना पटेल किंवा पटणार नाही. त्यांनी प्रमाण देऊन प्रतिवाद करावा. परंतु प्रश्न विचारला म्हणून तिची धर्मनिष्ठा संशयित ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही.